अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जाळले आणि कंपनी म्हणते स्पीकर आमचे नाहीत

अमळनेर तालुक्यातल्या एका भावाने प्रश्न पाठवलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. साउंड सर्व्हिसचा धंदा, स्वतः आणि हाताखाली दोन पोरं. धुळ्याच्या दुकानातून ४६,००० चा अ‍ॅम्प्लिफायर पक्क्या बिलावर घेतला, वॉरंटी एक वर्ष. चौथ्या महिन्यात गुणगुण यायला लागली म्हणून दुकानदाराला फोन केला, त्याने स्वतःचा मेकॅनिक पाठवला, मेकॅनिकने झाकण उघडून कायतरी सोल्डर केलं आणि गेला, कागद काही दिला नाही. मग श्रावणात कानबाईच्या रात्री चालू कार्यक्रमात धप्प करून आवाज झाला, डाव्या बाजूचे दोन्ही बेस बंद, एकातून धूर. त्या दोन स्पीकरची किंमत ९०,०००, आणि ते दुसऱ्याच कंपनीचे. सर्व्हिस सेंटर म्हणतं तुम्ही ओव्हरलोड केलं, ९,००० भरा आम्ही अ‍ॅम्प रिपेअर करतो, स्पीकरचं आमच्याकडे काही नाही, वॉरंटी कार्डावर तसं लिहिलंय. दुकानदार म्हणतो कंपनीशी बोला. भाऊ शेवटी लिहितात, "आते काय करू साहेब?"

भाऊ, सगळ्यात आधी एक काम. तो अ‍ॅम्प रिपेअरला देऊ नका. घरी आणलाय ते फार चांगलं केलं. एकदा का जळालेले ट्रान्झिस्टर काढून नवे बसवले की तुमची केसच त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात गेली समजा, मग बिघाड कशामुळे झाला हे कोणालाच सांगता येणार नाही. जळालेले दोन्ही स्पीकर पण रिकोनिंगला (नवा कोन आणि कॉइल बसवायला) देऊ नका, सीझन जवळ आलाय हे मला कळतं, पण भाड्याने दुसरे आणा आणि भाड्याच्या पावत्या ठेवा.

आता ओव्हरलोडचं बघू, कारण कंपनी पूर्ण भांडण याच एका शब्दावर भांडणार आहे. अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की आतल्या सप्लायचं डीसी (एकाच दिशेचं) व्होल्टेज सरळ स्पीकरवर येतं, व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी, एकाच बाजूला ढकलली जाऊन तिथेच जळते, आणि हे आवाज किती मोठा होता त्यावर अवलंबून नसतं. असं झालं तर स्पीकरचं कनेक्शन तोडून त्याला वाचवायला बऱ्याच मशीनमध्ये प्रोटेक्शन रिले, म्हणजे आपोआप तुटणारा स्विच असतो, त्यालाच डीसी प्रोटेक्शन म्हणतात. तुम्ही फोटोसोबत लिहिलंय की दोन्ही स्पीकरचे कोन (पुढचे पडदे) बाहेरच्या बाजूला येऊन अडकलेत, हाताने दाबले तरी आत जात नाहीत, आणि उजव्या बाजूचे दोन बेस अजून व्यवस्थित वाजतात. हे तुम्ही पत्रात सहज शेवटी लिहून टाकलंय पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं! गाणं तेच, व्हॉल्यूम तोच, लाइन तीच, आणि एकच चॅनेल, म्हणजे एकच बाजू, मेली. एवढ्यावर सिद्ध होत नाही, पण कंपनीला उत्तर द्यावं लागेल. जाणकार माणसाकडून एकदा, स्पीकर न जोडता, त्या चॅनेलच्या आउटपुटवर मल्टिमीटर डीसीवर लावून रीडिंग घ्या आणि व्हिडिओ काढा. झाकण उघडायचं नाही. चांगल्या अ‍ॅम्पवर तिथे काही मिलिव्होल्ट दिसतात, चाळीस पन्नास व्होल्ट दिसले तर स्पीकर डीसीनेच जळाले याला मोठा आधार मिळतो. खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये डीसी प्रोटेक्शन छापलंय का तेही बघा, छापलं असेल तर तो फोटो सोन्यासारखा जपा.

कायद्याचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात उत्पादन दायित्व म्हणून एक वेगळं प्रकरणच टाकलंय, कलम ८२ ते ८७. कलम ८४ प्रमाणे वस्तूत बनावटीचा दोष असेल, डिझाइनचा दोष असेल किंवा सांगितलेल्या गुणाप्रमाणे ती नसेल तर झालेल्या हानीला उत्पादक जबाबदार. आणि हानी म्हणजे काय ते कलम २(२२) मध्ये दिलंय, त्या वस्तूशिवायच्या दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान. म्हणजे तुमचे स्पीकर. ते दुसऱ्या कंपनीचे आहेत म्हणून तर ते यात बसतात! अ‍ॅम्पचे स्वतःचे पैसे मात्र यात येत नाहीत, ते सदोष माल म्हणून त्याच तक्रारीत वेगळे मागायचे. याच व्याख्येत अजून एक गोष्ट आहे जी मी लपवणार नाही, वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं नुकसान आणि धंद्याचं नुकसान त्यातून वगळलंय. म्हणून तक्रार नुसती वॉरंटी दिली नाही अशी लिहायची नाही, दोष बनावटीत आणि डिझाइनमध्ये आहे असं स्पष्ट लिहायचं. आणि रद्द झालेल्या चार बुकिंगचे पैसे मिळतील या भरवशावर राहू नका.

धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल. घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत, हे कायद्यातच लिहिलंय, आणि सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सांगितलंय की मदतीला एक दोन माणसं ठेवली तरी ग्राहकपण जात नाही. तुमची दोन पोरं म्हणजे बरोबर तेवढीच. तक्रारीत हे एक वाक्य टाकायला विसरू नका, माझ्याकडे अशा केसेस आल्यात ज्यात हे लिहिलंच नव्हतं आणि त्रास झाला.

आता तो मेकॅनिक. हा तुमच्या केसमधला कच्चा धागा आहे, कंपनी म्हणेल बाहेरच्या माणसाने उघडलं मग आमचं काय. म्हणून दुकानदाराला सामनेवाला नंबर दोन करायचाच, ओळखीचा असला तरी. कलम ८६ म्हणतं की विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि मुख्यतः त्यामुळे हानी झाली तर तो जबाबदार. दोघं समोर असले की एकमेकांकडे बोट दाखवून दोघंही सुटून जातात तो प्रकार होत नाही, आयोग ठरवेल कोणाचं किती.

दुकान धुळ्यात, कंपनी दिल्लीकडची, तरी तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, तुम्ही राहता तिथे, कलम ३४. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असली की फी शून्य. मुदत घटनेपासून दोन वर्षं, पण इतकी वाट बघू नका. अ‍ॅम्प तपासायला प्रयोगशाळेत पाठवा असा अर्ज तक्रारीसोबतच द्या, कलम ३८ मध्ये सोय आहे, त्याची फी आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात. आधी दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस, १५ दिवस द्या. एका स्पीकरचं बिल आहे, दुसरा मित्राकडून बिनबिलाचा घेतला म्हणता, त्याचं यूपीआय पेमेंट बँक स्टेटमेंटमध्ये सापडेल ते काढा आणि मित्राचं प्रतिज्ञापत्र घ्या, तरी त्याची पूर्ण किंमत मिळेलच असं नाही. लाइटचा प्रॉब्लेम होता असंही ते म्हणतील, म्हणून त्या रात्री त्याच लाइनवर मिक्सर आणि लाइटिंग चालूच राहिली हे मंडळातल्या दोघा जणांकडून लिहून घ्या, आत्ताच, लोक विसरतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंट लावाल तेव्हा सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडा.

आणि सर्व्हिस सेंटरने बिघाड ग्राहकाच्या वापरामुळे असं छापलेला जॉबशीट पुढे केला तर सही करू नका. दुकानदाराशी फोनवर भांडू पण नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधं विचारा, "भाऊ, तुमच्या मेकॅनिकने त्या दिवशी अ‍ॅम्पमध्ये काय बदललं होतं?" उत्तर आलं तर उत्तर, नाही आलं तर निळ्या टिकचा स्क्रीनशॉट, दोन्ही फाइलला लावायचं.