चार भाग झाले, गाडी हलेना!

प्रश्न : ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका संपवून ‘बेटर कॉल सॉल’चा पहिला सीझन लावला. दुसऱ्या भागातलं वाळवंट सोडलं तर सगळं थंड. सोडून देऊ का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सोडू नका. २०१५मध्येही अनेकांनी हेच ‘रटाळ’ म्हणून नाक मुरडलं होतं. कथा २००२ची, म्हणजे ‘ब्रेकिंग बॅड’च्या आधीची; वकील जिमी (पुढचा सॉल) आणि माजी पोलीस माइक जगणार हे आपल्याला आधीच ठाऊक. त्यामुळे ‘मरतो की काय’ ही धास्ती इथे चालत नाही, माणूस घसरतो कसा तेवढं बघायचं. तेच वाळवंट पुन्हा बघा. ड्रग्जवाला गुंड टूको दोन पोरांना मारायला निघालेला, आणि जिमी भाजीबाजारात घासाघीस करावी तसा सौदा खाली आणत एकेक पाय मोडण्यावर मिटवतो. बंदुकीपेक्षा जीभ भारी, हीच या मालिकेची मारामारी!

भाग दहाच आहेत. सहावा माइकचा, तो मोबाइल बाजूला ठेवून बघा. थोरला भाऊ चक याच्या घरात शिरण्याआधी जिमी फोन टपालपेटीत ठेवतो, ते नजरेआड करू नका. नवव्या भागात त्याचा हिशेब लागतो. सुरुवातीचा कृष्णधवल तुकडा ‘ब्रेकिंग बॅड’नंतरचा आहे, पुढे ढकलू नका. तो क्रम चुकला की निम्मी गंमत गेली.