आईनं आयुष्यात एक झुरका घेतला नाही, तरी सीओपीडी कसा झाला?

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. आई 58 वर्षांच्या, गाव निपाणीजवळ, तीस वर्षं विड्या वळल्या पण स्वतः कधी ओढली नाही, आता न्हाणीघरापासून सोप्यापर्यंत आलं तरी धाप लागते, डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट करून सीओपीडी (फुप्फुसातल्या हवेच्या नळ्या कायमच्या अडण्याचा रोग) लिहिलंय आणि पंप म्हणजे इनहेलर दिलाय, शेजारच्या काकू म्हणतात पंपाची सवय लागते, आणि वर महिनाभरापासून पाय सुजतायत. म्हणजे ओढली नाही तर झालं कसं, पंप घ्यायचा की नाही, आणि रोग छातीत तर सूज पायाला का, हे तीन प्रश्न. मी बेळगावात 29 वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीच चेस्ट वॉर्डात, आता रिटायर झाले. आणि माझी आई निपाणीतच तंबाखूच्या वखारीत कामाला होती, त्यामुळं हे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी एक करून बघा. दीर्घ श्वास आत घ्या, सोडताना पूर्ण सोडू नका, थोडासाच सोडा, आणि त्याच्यावर परत श्वास घ्या, परत थोडाच सोडा, असं चार-पाच वेळा. (चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा.) काय होतं? छाती भरलेली असते तरी वाटतं हवाच मिळत नाही. तुमच्या आईचं दिवसभर हेच चाललंय. पेशंट सगळे सांगतात "श्वास आत जाईना", पण या रोगात खरी अडचण बाहेर सोडण्यात असते, आतली जुनी हवा निघत नाही म्हणून नवीला जागा नसते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

फुप्फुस म्हणजे उलटं झाड समजा, श्वासनळी हे खोड, तिला फाटे फुटत फुटत जवळजवळ 23 वेळा फुटतात, आणि शेवटी द्राक्षाच्या घडासारखे बारीक फुगे, वायुकोश. असे कोट्यवधी फुगे आहेत, सगळे उलगडून पसरले तर साधारण 70 चौरस मीटर होतील, म्हणजे साडेसातशे स्क्वेअर फूट, बेळगावातला एक टू बीएचके! या फुग्यांच्या भिंती एवढ्या पातळ की पलीकडच्या रक्तात ऑक्सिजन आपोआप झिरपतो आणि कार्बन डायऑक्साइड इकडं येतो. श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली ओढला जातो, तिथं मेहनत आहे. सोडताना मात्र निरोगी माणसाला काहीच करावं लागत नाही, फुग्यांच्या भिंतीत इलॅस्टिक असतं ते स्वतःच आखडतं आणि हवा बाहेर. आणि हेच इलॅस्टिक आणखी एक काम करतं जे कुणी सांगत नाही, बारीक नळ्यांना स्वतःची कडक भिंत नसते, आजूबाजूच्या फुग्यांच्या भिंती त्यांना चारी बाजूनी ओढून उघडं धरतात, मांडवाच्या दोऱ्यांसारखं. दोऱ्या तुटल्या की मांडवाचं कापड खाली बसतं ना, तसं श्वास सोडताना नळी मिटते आणि हवा आत कोंडते.

दोऱ्या तोडतं कोण? धूर. धूर आत गेला की शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या पेशींकडं जंतू मारायची रसायनं असतात, त्यातलं एक नेमकं हे इलॅस्टिक कापणारं. एरवी लिव्हरमध्ये तयार होणारं एक प्रोटीन त्याच्यावर पहारा करतं, पण धूर त्या पहारेकऱ्यालाच निकामी करतो. वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं कापलं जातं आणि कापलेलं परत उगवत नाही, हे तुमच्यापासून लपवून काही उपयोग नाही. दुसरीकडं, नळ्यांच्या आतून बारीक केसांची झाडूवाली फौज असते, ती धूळ चिकटलेला बेडका सतत वर घशाकडं ढकलत असते. धुरानं ती झाडू मंदावते आणि बेडका मात्र जास्त तयार होतो, म्हणून सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास खाकरण्यात जातो. आई पण तसंच करत असतील बघा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ओढलीच नाही तर कसं. फुप्फुसाला धूर कुणाचा ते कळत नाही. विडीचा असो की चुलीचा. आपल्याकडच्या बाईनं किती धूर घेतलाय त्याचा हिशेब कुणी मांडत नाही, सात-आठ वर्षांची पोर असल्यापासून आईशेजारी चुलीपुढं बसायचं, शेणी, तुरकाट्या, जोंधळ्याची धाटं, ऊस तुटला की पाचट, जे मिळेल ते जळण. खानापूर भागात तर पावसात लाकडं ओलीच. फुंकणीनं फुंकायचं म्हणजे मधल्या मधे जो श्वास घ्यायचा तो निव्वळ धुराचा. वर स्वयंपाकघराला एक छोटा झरोका. नवरा, सासरा, दीर घरात विडी ओढणार तो धूर वेगळा. आपल्या देशात विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांच्या सीओपीडीचं मोठं कारण चूलच आहे. 2016 ला उज्ज्वला गॅस योजना आली, सिलिंडर घरोघरी गेला ते चांगलं झालं, पण मी गावात जाते तेव्हा बघते की गॅसवर चहा आणि आमटी, भाकरी अजून चुलीवर, आणि अंघोळीचं पाणी तर हमखास न्हाणीघरातल्या चुलीवर. तुम्ही लिहिलंय आई न्हाणीघरातून आल्या की धाप लागते, मला तिथंच शंका आली, तिथं चूल आहे का ते सांगा.

विड्या वळण्याचं म्हणाल तर मांडीवर सूप, सुपात जर्दा म्हणजे विडीची तंबाखू, दिवसभर मान खाली, ती बारीक धूळ नाकातोंडात जाणारच. या धुळीनं नळ्या चिडतात, खोकला येतो, छाती घरघरते. वखारीत तर चाळणीवर काम करणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून बसायच्या, माझी आई घरी आली की तिच्या लुगड्याचा वास घेतला तरी मला शिंका यायच्या. पण तुमच्या आईच्या आजारात धुळीचा वाटा किती आणि चुलीचा किती हे कुठलाच डॉक्टर वेगळं काढून देऊ शकणार नाही, त्यामुळं त्यावर घरात वाद घालत बसू नका, दोन्ही थांबवा. (वडील विडी ओढत असतील तर त्यांना एवढं सांगा की विडीत तंबाखू कमी असते म्हणून ती साधी नाही, तेंदूच्या पानातून हवा जात नाही, सारखी विझते म्हणून जोरात आणि जास्त झुरके घ्यावे लागतात, त्यात टार आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर येतं.)

टेस्टबद्दल. आईची फुंकायची टेस्ट झाली हे फार बरं झालं. ती ज्याच्यावर करतात ते स्पायरोमीटर काही नवीन मशीन नाही, जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1846 मध्येच त्यावर लिहिलंय, पण आपल्याकडं अजून एक्स-रे काढून "सगळं नॉर्मल आहे" म्हणून पाठवून देतात. सुरुवातीच्या सीओपीडीत एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, फोटोत वेग दिसत नाही आणि इथं बिघाड वेगाचा आहे. पूर्ण भरलेल्या छातीतली हवा जोरात सोडली तर निरोगी माणूस पहिल्या एका सेकंदात तीन चतुर्थांशाच्या आसपास बाहेर टाकतो, औषधाचा पंप देऊन परत फुंकायला लावल्यावरही हे प्रमाण 0.70 च्या खाली राहिलं तर नळ्या अडलेल्या आहेत. दम्यात पंपानंतर आकडा बऱ्याचदा चांगला सुधारतो, दमा बहुतेकदा लहानपणापासून येत जात असतो, सीओपीडी मात्र चाळिशीनंतर हळूहळू चढत जातो. आपल्याकडं अडचण अशी की मराठीत सगळ्याला दमा म्हणायचं आणि कन्नडमध्ये सगळ्याला दम्मु, आणि केस पेपरवर पण तेच उतरतं.

माझ्या आईला अकरा वर्षं खोकल्याचं औषध आणि इंजेक्शनं मिळत गेली. मी स्वतः नर्स, पण तेव्हा सर्जिकल वॉर्डात होते, सुट्टीला गेले की म्हणायचे वय झालंय, वखारीचा खोकला आहे. शेवटी टेस्ट केली तेव्हा एका सेकंदाचा आकडा असायला हवा त्याच्या 38 टक्के होता. ती अकरा वर्षं मला अजून छळतात, म्हणून तुम्हाला एवढं सगळं लिहितेय.

आता पंप. सवय लागत नाही. काकूंना हे गणित सांगा, सालब्युटामॉल म्हणजे नळ्या उघडणारं औषध, त्याची गोळी 4 मिलीग्रॅमची म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम, ती पोटात जाऊन रक्तातून सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचा एक दाब 100 मायक्रोग्रॅमचा, चाळिसावा भाग, आणि तो जिथं पाहिजे तिथंच जातो. रोज लागतो कारण रोग रोज आहे, चष्म्याची काय सवय लागते का? पण बहुतेकांचा पंप घ्यायचा प्रकारच चुकतो, हे मी वॉर्डात हजार वेळा बघितलंय. दाबतात आणि तोंडातल्या तोंडात ठेवतात, औषध जिभेवर. कॅप्सूलवाला पंप असेल तर कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पण भेटलेत! आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग हळू आत ओढायला लागल्यावर दाबायचं, शेवटपर्यंत ओढायचं आणि दहा सेकंद रोखायचं. जमत नसेल तर स्पेसर घ्या, प्लॅस्टिकची ती बाटली, वयस्कर माणसाला फार सोपं पडतं. स्टेरॉइड असलेला पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरं येतं. आणि एक पंप रोजचा असतो, एक धाप लागल्यावर घ्यायचा, दोन्ही एकच समजून बरं वाटलं की रोजचा बंद करतात, तसं करू देऊ नका.

पायाची सूज. यात शरीराची एक गंमतशीर गोष्ट आहे. अंगात दुसरीकडं कुठं ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त यावं म्हणून. फुप्फुसात बरोबर उलटं, ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या वाहिन्या आखडतात, कारण हवा नसलेल्या कोपऱ्यात रक्त पाठवून काय उपयोग, ते चांगल्या भागाकडं वळवलेलं बरं. हे 1946 मध्ये स्वीडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. न्यूमोनियानं फुप्फुसाचा एखादाच तुकडा बंद पडला असला तर ही युक्ती चांगली, पण सीओपीडीत फुप्फुसाचा मोठा भागच हवेला महाग झालेला असतो, सगळीकडंच वाहिन्या आखडतात, दाब वाढतो, आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं काम हृदयाच्या उजव्या कप्प्यावर येतं, जो मुळात हलक्या कामासाठी बांधलेला. तो थकला की मागं रक्त तुंबतं, मानेच्या शिरा फुगतात, लिव्हर जड होतं, किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि पाय सुजतात.

पण हे असंच असेल असं धरून चालू नका. सूज किडनीनं येते, रक्त कमी असलं, थायरॉइड असलं तरी येते, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर त्या गोळीनं पण येते. इको, ईसीजी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि लघवी एवढं करून घ्या, आणि या आठवड्यातच करा, मेडिकलमधून स्वतःच्या मनानं लघवीची गोळी आणून देऊ नका.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात ठेवा. घरी ऑक्सिजन लागलाच तर डॉक्टर सांगतील तेवढ्यावरच, नातेवाईक काळजीपोटी नॉब वाढवतात ते धोक्याचं, या रोगात साधारण 88 ते 92 वर ठेवतात, जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. ओठ निळे, एक वाक्य सलग बोलता येईना, किंवा पेशंट झोपाळल्यासारखा झाला तर वाट बघू नका, 108 लावा. बेडक्यात रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीची बेडका तपासणी फुकट होते ती करा. नखं पोपटाच्या चोचीसारखी गोल झाली असतील तर ते नुसत्या सीओपीडीनं होत नाही, डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

धाप लागते म्हणून बसवून ठेवू नका. पायाचे स्नायू जेवढे ढिले तेवढा जास्त ऑक्सिजन मागतात. सकाळी गल्लीतल्या गल्लीत चालू दे, दम लागला की पुढं वाकून गुडघ्यावर हात, नाकानं श्वास आणि गरम चहा फुंकतो तसे ओठ करून हळू सोडायचा, त्यानं आतून दाब राहतो आणि मिटणाऱ्या नळ्या थोड्या जास्त वेळ उघड्या राहतात. पोटभर दोनदा जेवण्यापेक्षा थोडं थोडं चारदा, भरलेलं पोट पडद्याला वर ढकलतं. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून.

आज संध्याकाळी एवढं करा, आईला तुमच्यासमोर पंप घ्यायला सांगा, मधे काही बोलू नका, नुसतं बघा आणि श्वास किती सेकंद रोखतात ते मोजा. आणि टेस्टच्या कागदावर पंपाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे असतील ते इथं लिहा, मी बघते.