आवाजाची लहर संगणकात आकड्यांच्या रूपात कशी मांडतात?

मायक्रोफोन हवेच्या दाबातला चढउतार व्होल्टेजमध्ये बदलतो. ते व्होल्टेज ठरावीक अंतराने मोजायचं आणि प्रत्येक मोजमाप, म्हणजे नमुना, पूर्णांकात लिहायचं, एवढंच. सीडीच्या दर्जाला प्रत्येक चॅनेलवर सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात, प्रत्येक १६ बिटचा, म्हणजे −३२,७६८ ते ३२,७६७ मधला एक आकडा. शांतता म्हणजे शून्य. (८ बिटच्या वेव्ह (WAV) ध्वनिफाइलमध्ये मात्र ती १२८ वर असते, इथे बरेच जण फसतात.)

स्वतः ४४० हर्ट्झचा सूर तयार करायचा तर क्ष क्रमांकाचा नमुना = ३०,००० × साइन(२ × पाय × ४४० × क्ष ÷ ४४,१००). कोन रेडियनमध्ये घ्या, अंशांत नाही.

सॅम्पलिंग रेटच्या (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या संख्येच्या) निम्म्याहून वरची वारंवारता मोजण्याआधीच फिल्टरने काढावी लागते. नाहीतर ३०,००० हर्ट्झचा स्वर १४,१०० हर्ट्झचा होऊन रेकॉर्डिंगमध्ये बसतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही.

दोन आवाज मिसळायचे तर नमुने नुसते बेरजेने जोडायचे. पण २०,००० + २०,००० = ४०,००० हे १६ बिटांत मावत नाही; तिथे −२५,५३६ उमटतं आणि कर्कश खरखर ऐकू येते. म्हणून बेरीज फ्लोटमध्ये (दशांश संख्यांत) करा, शेवटी पातळी उतरवून मगच पूर्णांकात आणा.