पाळी थांबली, नडगी दुखते

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, वजन ४८ किलो. सणस मैदानावर १५०० मीटरचा सराव करते. पोळी-भात सोडलाय. चार महिने पाळी नाही आणि डाव्या नडगीवर एका ठिकाणी बोट लावलं तरी कळवळते. मैदानावर म्हणतात, 'खेळणाऱ्या मुलींची पाळी जातेच.' गोळ्या देऊन आणावी का?
– एक आई, सदाशिव पेठ

उत्तर : नको. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव होईल, पण मूळ दुखणं झाकलं जाईल आणि हाडांची झीज भरून येणार नाही. 'जातेच' म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. सरावाच्या मानानं पोटात कमी पडतंय, त्याची ही खूण आहे.

हिशेब असा. अंगात १६ टक्के चरबी धरली, तर चरबीविरहित वजन ४० किलो. सरावाचा खर्च वजा जाता त्यातल्या दर किलोला ४५ कॅलरी, म्हणजे १८०० उरायला हव्यात. सरावाला ५०० लागल्या, तर खाणं हवं २३०० चं. ती १५०० खात असेल तर किलोमागे उरतात जेमतेम २५. साधारण ३० च्या खाली बरेच दिवस काढले की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरतं, हाड कमजोर होतं. ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये याला 'रेड-एस', म्हणजे खेळाडूंमधली ऊर्जेची तूट, असं नाव दिलं.

धावणं आजच थांबवा. हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीला तो एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, एमआरआयत दिसतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गर्भचाचणी (ती सगळ्यांचीच करतात, रागावू नका), थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) तपासून घ्या. सोबत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वही.

धावणं थांबलं म्हणून खाणं कमी करू देऊ नका. रोज ४०० कॅलरी वाढवा : एक केळं, पेलाभर सायीचं दूध, मूठभर शेंगदाणे, झालं. पोळी-भात हळूहळू परत आणा. जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. ताटावरून भांडू नका, सोबत बसून जेवा. ती डबा लपवत असेल, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जात असेल, तर आहारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, मानसोपचारतज्ज्ञही हवेत. चक्कर, छातीत धडधड किंवा वारंवार उलट्या झाल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी दर सोमवारी सगळ्या मुलींचं वजन रांगेत घेतो. चुकतं का?
– एक प्रशिक्षक, बालेवाडी

उत्तर : हो, बंद करा. मुली रविवारपासून पाणी तोडतात आणि काट्यावर एक किलो उतरलेलं दिसतं, ते लिटरभर पाणीच असतं. वजन घ्यायचंच तर घाम किती गेला हे कळण्यापुरतं, सरावाआधी आणि नंतर, एकेकीचं आडोशाला. त्यापेक्षा पाळीच्या तारखांची नोंद एखाद्या महिला सहकाऱ्याकडे ठेवायला सांगा. तीन महिने चुकल्या तर पालकांना कळवा.