पितळेच्या ताटांना लोहचुंबक चिकटलं

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. गौरीच्या जेवणासाठी पितळेची सहा ताटं घ्यावीत असं सासूबाईंच्या फार मनात होतं. मोबाइलवर एक जाहिरात सारखी दिसायची : ‘नाशिकचं तीन पिढ्यांचं दुकान बंद करत आहोत, उरलेला माल मिळेल त्या भावात.’ सोबत हातोडी घेतलेल्या म्हाताऱ्या कारागिराचा फोटो. यूपीआयने १,४९९ रुपये भरले. बारा दिवसांनी ताटं आली ती अगदी हलकी. दोनदा घासल्यावर कडेचा पिवळा रंग निघाला. शेजारच्या काकांनी लोहचुंबक लावलं तर ते चिकटलं. दुकानवाले म्हणतात, खोका उघडतानाचा व्हिडिओ नाही, शिवाय सेलमधला माल परत घेत नाही. हवं तर २०० रुपयांचं कूपन देतो. काल ‘रिफंड विभागातून’ फोन आला, लिंक उघडून पिन टाकला की पैसे जमा होतील म्हणे. टाकू का? जाहिरातीचा आणि खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो सोबत जोडला आहे. घरात सगळे मलाच बोलतात.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : पिन टाकू नका. खात्यात पैसे यायला यूपीआय पिन कधीही लागत नाही. तो लागतो खात्यातून पैसे जाताना. जाहिरातीखाली रागाने तक्रार लिहिताना तुम्ही आपला मोबाइल नंबर दिला असेल, तर आजच तो काढा. फसवणारे असे नंबर तिथूनच उचलतात. पिन टाकून झालाच असेल तर हे उत्तर पुढे वाचू नका, आधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर येतात, तिथे एकेक तास मोलाचा असतो.

आता ताटांबद्दल. मी सव्वीस वर्षं मुंबईतल्या तांबा काटा भागातल्या एका भांड्यांच्या पेढीत हिशेब लिहिले. तिथे पितळेचं ताट आधी काट्यावर पडायचं, मग किलोचा भाव लागायचा. तुमच्या जाहिरातीत ताट चार बाजूंनी दाखवलंय, हळद-कुंकू लावून दाखवलंय, पण वजन कुठेच दिलेलं नाही. मला तरी सगळी गोम तिथेच दिसली. पितळेचं किंवा तांब्याचं भांडं ऑनलाइन बघाल तेव्हा वजन किती ग्रॅम आहे ते विचारा, भुलेश्वरच्या एखाद्या दुकानात त्या दिवसाचा किलोचा भाव विचारा आणि गुणाकार करा. ऑनलाइन किंमत धातूच्या किमतीपेक्षाही खाली येत असेल, तर ते पितळ नव्हे. लोहचुंबक चिकटलं म्हणजे आत लोखंड किंवा स्टील आहे हे नक्की. मात्र चिकटलं नाही म्हणून पितळच, असं समजू नका. ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही, पण ॲल्युमिनियम पितळेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं भरतं, हाताला लगेच कळतं.

‘सेलचा माल परत नाही’ हे त्यांचं म्हणणं चालणार नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. सेल असो नसो. खोका उघडतानाच्या व्हिडिओचा तर त्या नियमांत उल्लेखच नाही. ती अट त्यांनी स्वतः घातलेली आहे. व्हिडिओ असता तर पुरावा भक्कम झाला असता, एवढंच. त्याच नियमांनुसार त्यांनी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यायला हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायला हवी. तेव्हा फोनवर वाद घालत बसू नका. ईमेल करा : ऑर्डर नंबर, जाहिरातीचा फोटो, रंग निघालेल्या कडेचा फोटो, लोहचुंबकाचा व्हिडिओ, आणि ‘पूर्ण रक्कम परत हवी’ हे एक स्पष्ट वाक्य. कूपन घेऊ नका. ते स्वीकारलंत की तक्रार मिटली असं ते म्हणतील. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. तिथे मराठीत बोलता येतं.

एवढ्यानेही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते, तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील करायलाच हवा असंही नाही.

पण आयोगाची नोटीस कुणाच्या तरी दारावर पोचावी लागते. तुमच्या खोक्यावरचा पत्ता भिवंडीचा आहे, आणि तो दुकानाचा नाही, माल पोचवणाऱ्या कंपनीच्या गोदामाचा आहे. वेबसाइटवर फक्त एक ईमेल. मी स्वतः यात पोळले आहे. तीन वर्षांपूर्वी सत्यनारायणासाठी शिसवी चौरंग मागवला. फोटोत समईएवढा उंच दिसणारा चौरंग हातात आला तेव्हा त्यावर कलशही नीट बसेना. वेबसाइटवरच्या पत्त्यावर ३४० रुपये कुरियरला घालून परत पाठवला आणि आठवड्याने तो खोका ‘असा पत्ता नाही’ असा शेरा घेऊन माझ्याच दारात आला. त्या दिवसापासून मी वस्तूचा फोटो नंतर बघते. आधी पानाच्या तळाशी जाऊन कंपनीचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता आणि जीएसटी नंबर शोधते.

हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि कधीची आहे ते दिसतं. तीन पिढ्यांचं नाशिकचं दुकान म्हणायचं, आणि नोंदणी दिल्लीची, चार महिन्यांपूर्वीची, तर पुढे जाऊ नये. नंबरच नसेल तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही. ‘ऑफर संपायला अकरा मिनिटं’ असं घड्याळ दिसलं तर पान बंद करून पुन्हा उघडा. ते पुन्हा अकरापासूनच सुरू झालं तर खोटं आहे. अशा खोट्या घाईला केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केलेली आहे. अनोळखी दुकानात पैसे भरायचेच असतील तर क्रेडिट कार्डाने भरा, बँकेकडे व्यवहारावर हरकत घेण्याची वाट तरी राहते.

आणि घरातल्यांना हे उत्तर वाचून दाखवा. सासूबाईंची हौस पुरवायला निघालेल्या सुनेला बोल लावण्यासारखं यात काहीही नाही. ताटं आणि खोका दोन्ही जपून ठेवा, तक्रारीला लागतील.

प्रश्न : मुलगा ऑनलाइन कुकर मागवतो म्हणतो. दुकानापेक्षा ४०० रुपयांनी स्वस्त आहे. घेऊ द्यावा का?
— एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, कुकरवर आयएसआयची खूण आहे का ते आधी बघायला सांगा. घरगुती प्रेशर कुकरला ती १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची आहे. खुणेखाली ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मुलाच्या मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ हे ॲप घ्या, त्यात तो क्रमांक टाकला की बनवणाऱ्याचं नाव येतं. ते नाव कुकरवरच्या नावाशी जुळलं तर खुशाल वापरा. जुळलं नाही तर कुकर गॅसवर चढवू नका, परत पाठवा.