वडिलांना लढाईबद्दल विचारू की नको?

मी समुपदेशनाचं काम करते आणि फौजींच्या घरातल्या मुली-सुना मला हा प्रश्न सारखा विचारतात. वडील किंवा सासरे लढाईबद्दल कधी चकार शब्द काढत नाहीत आणि आता म्हातारपणी रात्री दचकून उठतात, तर त्यांना बोलतं करायचं की विषयच काढायचा नाही? एका घरातलं सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सातारा जिल्ह्यातलं गाव, आप्पा 76 वर्षांचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेले, 1971 च्या बांगलादेशच्या लढाईत तिथल्या जमालपूरला होते. आधी मुलगी एकटीच आली. 2025 च्या मे महिन्यात न्यूज चॅनलवर दिवसभर सायरन वाजत होते (पुढे सरकारनेच चॅनलवाल्यांना सायरनचा आवाज वापरू नका म्हणून सांगितलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं) आणि त्यात सुट्टीला आलेल्या नातवाने जेवताना विचारलं, आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं? पोरगं आठ वर्षांचं, त्याला काय कळतंय. आप्पा भरल्या ताटावरून उठले. त्या दिवसापासून झोपेत ओरडणं, रात्री अंगणात येरझाऱ्या, संध्याकाळच्या दोन पेगचे चार झाले.

"मॅडम, 54 वर्षं काही नव्हतं हो, आता कुठून आलं हे?"

होतं, पण नोकरी, मग शेती, पोरांची लग्नं, या रगाड्यात दबून राहिलं होतं. हात रिकामे झाले की असं वर येतं, हे मी खूप घरांत बघितलंय. आणि यांच्या पिढीला सांगणार तरी कोण होतं, पीटीएसडी (भयानक काही बघितल्या-भोगल्यावर मनाला होणारा त्रास) हे नाव डॉक्टरांच्या पुस्तकात आलंच 1980 ला, म्हणजे हे लढून आल्यावर 9 वर्षांनी.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, कारण या वयात काही गोळ्यांनीही भयानक स्वप्नं पडतात आणि विसरायला व्हायला लागलं की जुनं जास्त उसळतं. तसं काही निघालं नाही. दारूचं मात्र स्पष्ट सांगितलं, तिने झोप लागते पण पहाटेची झोप मोडते आणि स्वप्नं वाढतात, कमी करायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. आणि ओरडले तर गदागदा हलवून उठवायचं नाही, लाइट लावायचा, पायाकडे लांब उभं राहून हाक मारायची, आप्पा, घरी आहात, मी आहे.

आता विचारायचं की नाही. लढाईत काय झालं, असं समोर बसवून विचारू नका, ती उलटतपासणी होते. मी मुलीला म्हटलं, तुम्ही आईला विचारा, आप्पा तिथेच असताना. 71 ला आई काय करत होती?

मुलीने हे कधीच विचारलं नव्हतं. आई शेंगा फोडत बसल्या होत्या, हात न थांबवता सांगायला लागल्या. लग्न मे महिन्यात झालेलं, वय 18, डिसेंबरात गावात रेडिओ एकच, तोही पाटलांच्या घरी. पोस्टमनची सायकल वळणावर दिसली की त्या मागच्या दाराने गोठ्यात पळायच्या आणि म्हशीच्या मानेला धरून उभ्या राहायच्या. तार आपण घेतली नाही तर ती आपली नाही, असं वाटायचं म्हणे.

आप्पांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तू पळायचीस व्हय? मला न्हाई कधी बोललीस."

मग त्यांनी सांगितलं. फक्त एवढंच, की रात्रीच्या फायरिंगनंतर उजाडलं तेव्हा त्यांच्या बुटाची नाडी तुटली होती आणि त्यांनी रस्त्यात पडलेल्या समोरच्या फौजेतल्या एका मेलेल्या पोराच्या बुटाची नाडी काढून आपल्या बुटाला ओवली. "गाठ लई घट्ट हुती, त्यानं बांधलेली." रिटायर झाल्यापासून आप्पांनी बूट घातलेला नाही, मुलीच्या लग्नातही कोल्हापुरी, आणि घरच्यांना वाटायचं पायाला कुर्पं असतील.

मुलीने तिथे अजून काही विचारलं नाही, पाणी आणून दिलं. हे तिने फार बरोबर केलं. थोडं सांगून थांबायची मोकळीक मिळाली की माणूस पुन्हा सांगायला येतो. नंतर आप्पा स्वतः माझ्याकडे सहा-सात वेळा आले, शिवाय सायकिअॅट्रिस्टची गोळी चालू आहे. रात्रीचं उठणं आता आठवड्यातून एखाद्या वेळी. पूर्ण गेलेलं नाही आणि जाईल असं मी त्यांना सांगितलेलंही नाही. गावात कोणी डॉक्टर नसेल तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

नातवाला त्याच्या आईने समजावलंय, आकडा विचारायचा नाही, तिथे जेवायला काय मिळायचं ते विचार. त्यावर आप्पा तासभर बोलले.

आणि या सगळ्यात आईंचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सायकलची घंटी ऐकली की अजून छातीत धडधडतं त्यांच्या. येत्या गुरुवारी त्यांचं तिसरं सेशन आहे.