काटछेद, आडछेद की सरळ सेक्शन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे आयटीआयच्या पोरांसाठी कॅडच्या (संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या) मराठी नोट्स लिहितायत, त्यात पार्टच्या "क्रॉस-सेक्शन प्रॉपर्टीज" (पार्ट कापला तर जे तोंड दिसतं त्याचं क्षेत्रफळ वगैरे) काढायचा धडा आहे. आधी त्यांनी तो भाषांतराच्या मशीनमध्ये घातला तर "विभाग मालमत्ता" आणि "जडत्वाचा क्षण" असं काहीतरी बाहेर पडलं. मग हातानं "छेदाचं क्षेत्रफळ काढा" असं लिहिलं, तर एका पोरानं छेद म्हणजे भोक धरून बोल्टच्या भोकाचं क्षेत्रफळ काढून दिलं. तर बरोबर मराठी शब्द कुठले?

त्या पोराला हसू नका, त्याची चूक नाहीये. हिंदीत छेद म्हणजे भोकच, आणि आपल्याकडे शॉपफ्लोअरवर निम्मी भाषा हिंदीच असते. शिवाय मराठीत तरी छेद एका जागी कुठे बसलाय, अपूर्णांकात अंशाखाली तोच, भूमितीत रेषा एकमेकींना छेदतात तो पण तोच. एकटा सोडला की तो कुठल्याही घरात शिरतो, म्हणून त्याच्या मागे काहीतरी लावायलाच लागतं.

लावायला दोन पर्याय आहेत, आडछेद आणि काटछेद. "आडवा छेद" जुना आणि चांगला, जीवशास्त्रात खोडाचा आडवा छेद आपण सगळ्यांनी काढलाय. पण कॅडवाल्या पोरांना तो गोंधळात टाकतो, कारण बीम आडवा पडलेला असतो आणि त्याचा "आडवा" छेद नेमका उभा दिसतो, आणि कॉलम उभा असतो त्याचा मात्र खरंच आडवा. पोरगं विचारतं सर आडवा म्हणजे हॉरिझॉन्टल ना? नाही. इथला आडवा म्हणजे मांजर आडवं गेलं त्यातला आडवा. मांजर काही झोपून जात नाही, आपण जातोय त्या वाटेला काटून जातं. तसंच पार्टची लांबी ज्या दिशेला, तिला आडवं कापायचं. भेंडीचं उदाहरण द्या, भरल्या भेंडीला देतो तो उभा काप आणि परतायला गोल चकत्या करतो तो आडछेद, पाच कोपऱ्यांचा. भेंडी ताटात कशीही ठेवा, चकती तीच येणार.

मी मात्र नोट्समध्ये काटछेद वापरा म्हणेन. एक तर पोरांनी तो शाळेत पाहिलाय, विजेच्या धड्यात वाहकाच्या काटछेदाचं क्षेत्रफळ येतं. आणि दुसरं म्हणजे मला त्यात काटकोन ऐकू येतो, व्युत्पत्ती म्हणून छातीठोक सांगत नाहीये, पण लक्षात ठेवायला उपयोगी आहे, लांबीशी काटकोनात कापलं की काटछेद. हिंदी पुस्तकांतलं "अनुप्रस्थ काट" उचलून आणायची काही गरज नाही.

नुसतं "सेक्शन" ठेवलं तर? बोलताना ठेवाच, सगळे तेच म्हणतात. फक्त लिहिताना सांभाळा, कारण खिडक्या बनवणारा "दोन सेक्शन कमी पडले" म्हणतो तेव्हा तो अॅल्युमिनियमच्या अख्ख्या लांब पट्ट्यांबद्दल बोलत असतो, ड्रॉइंगवाला सेक्शन म्हणतो तेव्हा कापून दाखवलेला व्ह्यू, आणि आकडेमोडवाल्याचा सेक्शन म्हणजे त्या कापलेल्या तोंडाचा आकार. तिघं एकाच टेबलावर बसले की मजा येते. प्रॉपर्टीजला गुणधर्म, त्यात वाद नाही. मालमत्ता सातबाऱ्यावर राहू दे.

आता खरी गंमत मोमेंट ऑफ इनर्शियाची, मशीननं ज्याचा "जडत्वाचा क्षण" केला. मराठी विश्वकोशात याला "निरूढी परिबल" म्हटलंय, निरूढी म्हणजे इनर्शिया आणि परिबल म्हणजे मोमेंट (चुंबकीय परिबल मधलं तेच परिबल). शाळेत निरूढीऐवजी जडत्व शिकवतात, आणि हिंदीत जडत्व आघूर्ण. शब्द म्हणून परिबल मला आवडतो, भोवतालचं बल, कानाला गोड लागतो. पण तुमच्या धड्यापुरतं बघाल तर एक अडचण आहे. काटछेद म्हणजे कागदावरचा नुसता आकार, त्याला वजन नाही, म्हणजे जडत्व नाही. निरूढी परिबल म्हणालात तर त्यातली निरूढी खोटी. पण हा दोष मराठीचा नाही, मुळातलाच आहे. ऑयलरनं १७६५ मध्ये फिरणाऱ्या घन वस्तूंसाठी हे नाव वापरलं, तिथे वस्तुमान असतं त्यामुळे ते शोभतं. वाकणाऱ्या बीमच्या गणितात तसंच दिसणारं सूत्र आलं, फक्त वस्तुमानाच्या तुकड्याऐवजी क्षेत्रफळाचा तुकडा, आणि लोकांनी नावही तेच चिकटवलं. एककं बघितली की भांडं फुटतं, फिरणाऱ्या वस्तूचं किलो गुणिले मीटरचा वर्ग, आणि काटछेदाचं मिलिमीटरचा चौथा घात, त्यात किलो कुठेच नाही.

म्हणून नोट्समध्ये मी "क्षेत्राचं दुसरं परिबल" लिहीन, कंसात मोमेंट ऑफ इनर्शिया, आणि पुढे सरळ "आय" (इंग्रजी अक्षर I) म्हणेन, कारण डिप्लोमा केलेला कुठलाही माणूस झोपेतसुद्धा "बी डी क्यूब बाय ट्वेल्व्ह" (आयताच्या आयचं सूत्र, रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले बारा) म्हणतो, त्याला परिबल सांगून उठवू नका. दुसरं का, तर अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग घेतो म्हणून. अर्थ कळायला शाळेची पट्टी हातात द्या. आडवी धरून दाबली तर लगेच वाकते, कडेवर उभी केली तर वाकता वाकत नाही. १० बाय १०० मिमीची लोखंडी पट्टी घेतली तर आडवी असताना आय येतो ८,३३३ आणि उभी केली की ८,३३,३३३, बरोब्बर शंभरपट, आणि लोखंड तेवढंच. हे एकदा बोटाला कळलं की नाव काय ठेवलंय त्यानं फार बिघडत नाही.

बिघडतं ते एका छोट्या शब्दानं, आणि तुमच्या प्रश्नात नसला तरी मला तोच सांगायचाय: "भोवती". आय हा आकडा कधीच एकटा नसतो, तो कुठल्यातरी अक्षाभोवती असतो. मराठीत हे किती सोपं आहे बघा, इंग्रजीतला अबाउट वाचताना डोळे त्यावरून घसरून जातात, पण "कशाभोवती?" हा प्रश्न टाळता येत नाही. ऑटोकॅडमध्ये बंद आउटलाइन काढून तिचं रीजन (भरीव सपाट आकार) केलं आणि मासप्रॉप कमांड दिली की क्षेत्रफळ, परिमिती, सेंट्रॉइड (आकाराचा मधला तोल-बिंदू) आणि मोमेंट्स ऑफ इनर्शिया असं सगळं टेक्स्टमध्ये येतं. पण ते एक्स-वायचे मोमेंट्स चालू यूसीएसच्या (ड्रॉइंगमध्ये त्या वेळी लावलेल्या एक्स-वाय चौकटीच्या) अक्षांभोवतीचे असतात, सेंट्रॉइडभोवतीचे नाहीत! फक्त शेवटी प्रिन्सिपल मोमेंट्सच्या (मुख्य अक्षांभोवतीच्या) ओळीवर "अबाउट सेंट्रॉइड" असं लिहिलेलं असतं, आणि तिथपर्यंत वाचतो कोण.

मी नवीन असताना नाही वाचलं. तीच वरची पट्टी समजा, उभी, पण ड्रॉइंगमध्ये तिचा मध्य ओरिजिनपासून (शून्य-शून्य बिंदूपासून) ५०० मिमी वर येईल अशी काढलेली. क्षेत्रफळ १०००, अंतराचा वर्ग अडीच लाख, म्हणजे २५ कोटी आपोआप वर चढले आणि स्क्रीनवर आलं २५,०८,३३,३३३. खऱ्या आकड्याच्या ३०१ पट. मी तोच बेरीज-बिरीज करून शीटमध्ये घातला आणि डिफ्लेक्शन (भार आला की किती वाकेल ते) जवळजवळ शून्य आलं म्हणून खूश. आमच्या साहेबांनी शीट बघितली आणि एवढंच विचारलं, या पट्टीवर रेल्वे टांगायचीय का? मग म्हणाले, आय कशाभोवती घेतलास. मला त्या दिवशी समांतर अक्षाचा नियम (अक्ष लांब गेला की क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग एवढी भर पडते तो) जेवढा कळला तेवढा परीक्षेला पण कळला नव्हता.

उपाय सोपा आहे, पहिल्यांदा मासप्रॉप देऊन सेंट्रॉइडचे कोऑर्डिनेट्स घ्यायचे, यूसीएसचा ओरिजिन तिथे हलवायचा, आणि परत मासप्रॉप द्यायचं, आता सेंट्रॉइड शून्य-शून्य दिसला की समजायचं जमलं. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरच्या सेक्शन प्रॉपर्टीजमध्ये सेंट्रॉइडपाशीचे मोमेंट्स तसं स्पष्ट लिहूनच वेगळे देतात, त्यामुळे तिकडची पोरं इकडे आली की हमखास फसतात. आणि हो, ऑटोकॅडमध्ये थ्रीडी सॉलिडला मासप्रॉप दिलं तर तेच नाव पण वस्तुमानवाला आय येतो, घनता १ धरून. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळे प्राणी.

सेंट्रॉइडचं राहिलंच. दहावीच्या भूमितीत "मध्यगासंपात" आहे, त्रिकोणाच्या मध्यगा जिथे मिळतात तो बिंदू. त्रिकोणाला झकास, पण सी चॅनेलच्या (सी आकाराच्या लोखंडी सेक्शनच्या) मध्यगा कुठून आणणार. गुरुत्वमध्य म्हणालात तर पोरांना कळतं, फक्त परत वजनाचा वास येतो. मी "क्षेत्रमध्य" म्हणतो, हा माझा घरगुती शब्द आहे, कोशातला नाही, पटला तर घ्या. ५० बाय ५० बाय ६ मिमीचा अँगल (एल आकाराचा लोखंडी सेक्शन) घेतला तर त्याचा क्षेत्रमध्य पाठीपासून साधारण १४.५ मिमीवर येतो, म्हणजे लोखंडात नाहीच, काखेतल्या रिकाम्या जागेत. पोरं कर्सर तिथे नेऊन म्हणतात सर इथे तर काहीच नाहीये. या अँगलला आडव्या अक्षाभोवती आय साधारण १२.९ सेंमीचा चौथा घात, पण तिरक्या मुख्य अक्षाभोवती जेमतेम ५.३, आणि दाबला तर तो त्या तिरक्या बाजूलाच लचकतो, म्हणून इथे परत तेच, कशाभोवती.

तर तुमचं ते वाक्य मी असं लिहीन: "पार्टच्या काटछेदाची आउटलाइन बंद करून रीजन करा, बोल्टची भोकं त्यातून सबट्रॅक्ट करा, आणि क्षेत्रमध्यातून जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवती आय किती येतो ते लिहा." यात भोकाला भोकच म्हटलंय, त्या पोराला दाखवा.